जास्तीचा निळा

“ताता, डावा डोळा मिटा आणि मग सांगा,” लावण्या म्हणाली. तिचा बाप हसला, आई हसली आणि दुकानातला सेल्समनही काही न समजता आपला हसला.

“आमचे वडील डाईंग मास्टर आहेत,” गोवर्धननं त्याला सांगितलं. “टॉवेलच्या कारखान्यात, चाळीस वर्षं. डावा डोळा मिटून नुसत्या उजव्यानं सुताची लडी बघतात आणि शेड पास की नापास ते सांगतात. त्यांच्यापुढं तुमच्या कंपनीचं ते टीव्हीबरोबरचं माहितीपुस्तक काही नाही.”

“अरे वा, सर!” सेल्समन म्हणाला. त्याचं नाव बसवराज. छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं, ते मी आल्या आल्या सावकाश वाचलं होतं. “मग आज माझीच परीक्षा म्हणायची.”

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापुरात, रविवारच्या दुपारी. गोवर्धन माझा मुलगा. त्यानं फ्लॅट घेतला होता आणि तिथं भिंतीवर टांगायला मोठा टीव्ही हवा होता. लावण्या त्याची मुलगी, तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिला त्या टीव्हीवर गेम खेळायचे होते, म्हणून ती आपला गेमचा डबा पिशवीत घालून बरोबर घेऊन आली होती. आमच्या घरात तेलुगू बोलतात, म्हणून आजोबांना ताता.

दुकानाच्या मागच्या बाजूला काचेचं दार असलेली एक खोली होती. दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. भिंतींना काळं कापड, समोर ओळीनं तीन टीव्ही, आणि एक सोफा. तो इतका मऊ की मी बसलो तो खाली गेलोच, गुडघे छातीशी आले. माझे गुडघे तेव्हाच कामातून गेले होते. कुणी हात दिल्याशिवाय मला त्यातून उठता येणार नव्हतं. डोक्यावर एसी होता आणि त्याचा वारा नेमका माझ्या तोंडावर येत होता.

खिशातला फोन थरथरला. मी काढून बघितला नाही. कुणाचा ते ठाऊक होतं.

अंबादास चिप्पा चौदा वर्षं माझ्या हाताखाली होता. मी रंगाचं माप सांगायचं, त्यानं काट्यावर तोलायचं, चिठ्ठीवर लिहायचं आणि टाकीत घालायचं. त्याचं अक्षर फार सुरेख. मी शाळेचं तोंड बघितलेलं नव्हतं. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी रात्रीच्या वर्गाला जाऊन अक्षरं शिकलो, तेव्हापासून मी त्याची प्रत्येक चिठ्ठी स्वतः वाचत होतो. चिठ्ठीत कधी चूक सापडली नाही.

त्या महिन्यात अंबादास भाचीच्या लग्नाला चार दिवस हैदराबादला गेला. त्याच्या जागी सिद्राम नावाच्या कामगारानं मी सांगितलं तसं बरोबर तोललं. आणि तोच माल परत आला. गोव्याच्या एका हॉटेलचे फिकट आकाशी टॉवेल होते. आम्ही आकाशी मागवले होते, तुम्ही निळे पाठवले, असं त्यांनी कळवलं. आमचे मालक रमणशेठ यांनी रंगाची खोली तपासली. चिठ्ठ्यांप्रमाणे निळ्याचा ड्रम जवळजवळ रिकामा हवा होता. त्यात सहा किलो निळा जास्त निघाला.

“म्हणजे हा कित्येक महिने कमी तोलतोय,” मी शेठना म्हणालो. हे पहिल्यांदा म्हणालो तो मीच. “चिठ्ठीत लिहायचं एक, घालायचं कमी, आणि उरलेला बाहेर विकायचा. कमी रंगावर माझा अंदाज बसला. सिद्रामनं खरं वजन घातलं, तर शेड गडद झाली.”

विकायचा होता तर तो अजून ड्रममध्येच कसा, हे शेठनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

अंबादास समोर उभा होता. शेठ म्हणाले, “काय रे?” त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “मास्टर म्हणतात तर असेल.”

त्याला घरी बसवलं. सोमवारी सकाळी दहा वाजता शेठ निकाल देणार होते: नुसतं काढायचं, की चोरीची तक्रार करायची. अंबादासच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. त्या रविवारी सकाळपासून त्याचे चार फोन येऊन गेले होते. मी एकही घेतला नव्हता.

“ताता, इकडं बघा,” लावण्या म्हणाली. तिनं डबा पहिल्या टीव्हीला जोडला होता. “मी बटण दाबते. हा माणूस उडी कधी मारतो बघा.”

तिनं बटण दाबलं. माणसानं उडी मारली.

“मारली की.”

“उशिरा मारली.”

“मला तर लगेच वाटली बाई.”

“तुमच्या वयाला लगेच. गेममध्ये तेवढ्या वेळात माणूस मरतो.”

बसवराजनं रिमोटवर काहीतरी केलं. “आता बघा मॅडम. गेमचं सेटिंग लावलंय.”

तिनं पुन्हा पाच-सहा उड्या मारल्या. “अजून रेंगाळतोय. हा बाद.”

“बाद काय बाद?” गोवर्धन म्हणाला. “सगळ्यात स्वस्त तोच आहे.”

“पप्पा, तुम्ही सिरियली बघणार. त्यात कुणी उड्या मारत नाही.”

“तू मारतेस ना, तेवढं पुरे आहे घरात.”

माझी सून पद्मा खोलीच्या एका कोपऱ्यात जाऊन उभी राहिली होती. “मला स्वयंपाकघरातून असं तिरकंच बघायला मिळणार,” ती म्हणाली. “पहिल्यात इथून माणसं राखेनं माखल्यासारखी दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्यात बरी दिसतात.”

मग लावण्यानं दुसरा आणि तिसरा तपासला. अंधाऱ्या गुहेत तिचा माणूस हिंडत होता. काळ्यात दडलेला शत्रू दिसतो की नाही, ते तिला बघायचं होतं. दोन्हींत दिसला. बटण दाबल्याबरोबर दोन्हींत उडी. आवाजही सारखाच.

“आता फक्त रंगाचं राहिलं,” ती म्हणाली. “ते ताता सांगतील.”

बसवराजनं दोन्ही टीव्हींवर एकच चित्र लावलं. कुठल्यातरी लग्नाचं होतं ते. नवरीच्या वेणीत मोगऱ्याचे गजरे, भटजींचं पांढरं धोतर, केळीच्या पानावर भात. खोलीतले दिवे मी मालवायला लावले. सगळे गप्प झाले. रंगाच्या खोलीतही असंच व्हायचं. मी लडी हातात धरली की कामगार श्वास रोखून उभे राहायचे. ते मला आवडायचं, खोटं कशाला सांगू.

मी डावा डोळा मिटला.

दुसऱ्या टीव्हीतलं धोतर मला जुनं दिसलं, पेटीत ठेवून पिवळं पडलेलं. भातावर पिवळी झाक. तिसऱ्यात भात भातासारखा, मोगरा नुकता खुडल्यासारखा.

“तिसरा,” मी म्हणालो. “दुसऱ्यात हळद सांडलीय.”



“मला आपलं वाटत होतं की...” पद्मा म्हणाली आणि थांबली.

“काय?”

“काही नाही मामा. तुम्हाला कळतं ते.”

लावण्यानं टीव्हीकडं बघितलं, मग माझ्याकडं. “ताता म्हणतात तर तिसरा,” ती म्हणाली.

“बेस्ट चॉइस, सर,” बसवराज म्हणाला आणि कागद करायला बाहेर गेला. काचेचं दार त्याच्यामागं लागलं.

लावण्या तिसऱ्या टीव्हीवर खेळत बसली. गोवर्धन आणि पद्मा भिंतीचं माप कितीचं, यावर बोलू लागले. एसीच्या वाऱ्यानं माझा उजवा डोळा चुरचुरायला लागला होता, पाणी गळत होतं. मी रुमाल काढून त्या डोळ्यावर दाबून धरला आणि नुसत्या डाव्यानं समोर बघत राहिलो.

दुसऱ्या टीव्हीवर लग्न अजून चालू होतं. भटजींचं धोतर पांढरंशुभ्र होतं.

मी तिसऱ्याकडं बघितलं. लावण्याचा माणूस बर्फावरून पळत होता आणि बर्फ निळा होता. नीळ जास्त झालेल्या धुण्यासारखा निळा. मला वाटलं, चित्रच तसं असेल. मी रुमाल डाव्या डोळ्यावर नेला. बर्फ पांढरा. पुन्हा उजव्यावर. बर्फ निळा.

मी हे किती वेळा केलं सांगता येत नाही. जो डोळा मी आयुष्यभर कामाला लावला, तोच मला फसवत होता. आणि ज्याला मी कामाच्या वेळी मिटून ठेवत आलो, तो खरं सांगत होता.

उठून बाहेर जावं असं फार वाटलं. दोन्ही हात सोफ्यात रोवून जोर लावला. हातच आत गेले. गोवर्धनला हाक मारली असती तर त्यानं उठवलं असतं, पण मग विचारलं असतं, काय झालं? मी तसाच बसून राहिलो. मनातल्या मनात हिशेब लावायला लागलो, पण तो लागू नये असंही वाटत होतं. दिवाळीच्या सुमारास मला आकाशी शेड मेलेली दिसायला लागली होती. मी म्हणायचो, “अंबादास, निळा वाढव.” तो “हो मास्टर” म्हणायचा. लडी बाहेर यायची, मी बघायचो आणि म्हणायचो, “आता कसं! आता जीव आला.” दर खेपेला थोडा वाढव. दर खेपेला जीव आला.

ड्रममधला तो सहा किलो निळा माझ्या डोळ्यांसमोर आला.

खिशात फोन थरथरला. या वेळी मी घेतला.

“मास्टर, अंबादास बोलतोय.” फोन लागला म्हणून त्याचा आवाज दचकल्यासारखा झाला. मी उचलीन असं त्याला वाटलं नसावं. “मास्टर, एक विचारायचं होतं. उद्या मी शेठना लिहून दिलं की तोलताना हात चुकायचा, तर चालेल का? हात चुकला म्हटलं की चोर म्हणणार नाहीत ना? पोरीच्या सासरची माणसं त्याच पेठेतली आहेत. तुम्ही एक शब्द टाकलात तर...”

“अंबादास,” मी म्हणालो, “निळा किती कमी घालायचास?”

पलीकडं तो नुसता खोकला.

“विचारतोय मी.”

“हात चुकायचा, मास्टर.”

“चौदा वर्षांत तुझा हात चुकला नाही. किती कमी घालायचास?”

मग तो हळू म्हणाला, “तुम्ही जेवढा वाढवायला सांगायचा तेवढा. पहिल्यापासून जेवढा जायचा, तेवढाच घालत होतो. शेड बरोबर यायची.”

“चिठ्ठीत जास्तीचा का लिहायचास?”

“तुम्ही वाचता ना मास्टर.”

लावण्याचं खेळणं थांबलं होतं. गोवर्धन आणि पद्माही माझ्याकडं बघत होते.

“मला सांगितलं का नाहीस?” माझा आवाज चढला.

“कसं सांगू?” तो म्हणाला. एवढंच.

मी फोन बंद केला. गोवर्धन जवळ आला. “काय झालं नाना? कोण होतं?”

“तो तिसरा टीव्ही नको,” मी म्हणालो.

“का? तुम्हीच तर म्हणालात.”

“निळा आहे तो.”

“मी तेच म्हणणार होते!” पद्मा एकदम बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

“मलाही वाटलं होतं,” लावण्या खाली बघत म्हणाली. “बर्फ तर फारच.”

बसवराज कागद घेऊन आत आला होता. त्यानं आमच्या तोंडांकडं बघितलं आणि अंदाज घेत म्हणाला, “सर, खरं सांगू का, तो पीस जरा निळाच मारतो. सेटिंगमध्ये कमी करता येतं. पण सर मास्टर आहेत, म्हटलं त्यांना तसाच हवा असेल.”

“तुलाही दिसलं होतं?” मी गोवर्धनला विचारलं.

तो रिमोट उचलून उलटसुलट करायला लागला. त्याला दिसलं होतं.

“मग कुणी बोललं का नाही?”

चौघं जण माझ्याभोवती उभे होते, मी सोफ्यात रुतलेला होतो, आणि ते मला घाबरून होते. त्यातली तिघं माझ्या घरची माणसं. मी त्यांच्यावर कधी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. फक्त रंगाच्या बाबतीत माझा शब्द खाली पडू दिला नाही, कारखान्यात नाही आणि घरातही नाही. पद्मानं साडी आणली तरी आधी माझ्यापुढं धरायची.

शेवटी दुसरा टीव्ही घेतला. डोळ्याचं मी कुणाला सांगितलं नाही. थकलोय, म्हणालो. गोवर्धननं हात देऊन उठवलं.

त्या रात्री मी एक वाट शोधून काढली. अंबादासला वाचवायचं, पण डोळ्याचं बोलायचं नाही. शेठना म्हणायचं, जुना माणूस आहे, चुकला, माझ्याकडं बघून सोडून द्या. शेठ माझा शब्द मोडणार नाहीत. तो कामावर राहील, मी मास्टर राहीन, आणि मी चोराला माफ केलं म्हणून चार माणसं माझं कौतुकही करतील. डोळा गुपचूप डॉक्टरला दाखवता येईल.

सकाळी दहा वाजता मी शेठच्या केबिनमध्ये गेलो, तेव्हा अंबादास आधीच भिंतीला टेकून उभा होता. दाढी वाढलेली. टेबलावर त्यानं लिहिलेला कागद होता.

“तुम्हीच वाचा मास्टर,” शेठ म्हणाले. “मला या भानगडीत पडायचं नाही. तुम्ही म्हणाल तसं करू.”

मी कागद घेतला. मी अक्षरं उशिरा शिकलो, त्यामुळे वाचताना माझे ओठ हलतात. ‘मी अंबादास राजन्ना चिप्पा लिहून देतो की, गेले काही महिने तोलताना माझ्या हातून वजनात चूक होत होती. त्यात मास्टरांचा काहीएक दोष नाही.’

पुढं दोन ओळी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. त्यातला शब्दन्‌शब्द त्यानं वळणदार अक्षरात, न खोडता लिहिला होता.

“काय करायचं?” शेठनी विचारलं. “तुम्ही म्हणत असाल तर या खेपेला माफ करू. तक्रार राहू दे.”

रात्रभर शोधलेली वाट समोर मोकळी होती. शेठनीच ती उघडून दिली होती. मला फक्त मान हलवायची होती. अंबादास खाली बघत होता आणि मी मान हलवावी म्हणून वाट बघत होता. ते मला अजून आठवतं. मी खरं बोलावं असं त्या केबिनमध्ये कुणालाच वाटत नव्हतं, त्यालासुद्धा.

“शेठ,” मी म्हणालो, “मला निळं दिसत नाही.”

“म्हणजे?”

“उजव्या डोळ्याला निळं कळत नाही. दिवाळीपासून. मी जास्त सांगत होतो, हा बरोबर घालत होता. तुमचा सगळा माल यानं वाचवला. जो परत आला, तो एकटा माझा.”

शेठ बराच वेळ पेन बोटात फिरवत राहिले. मग अंबादासला म्हणाले, “आणि तू गप्प बसलास? चोर म्हणवून घेतलंस?”

“मास्टर आहेत ते,” अंबादास म्हणाला.

“मग आता रंग कोण बघणार?”

“मास्टरच बघतील शेठ,” तो घाईघाईनं म्हणाला. “त्यांनी सांगायचं. मी तोलताना सांभाळून घेतो. आजवर चाललंच ना. बाहेर कुणाला कळायची गरज नाही.”

हे त्यानं मनापासून म्हटलं होतं. मला वाटलं, पुन्हा त्याच सोफ्यात बसवतोय हा मला.

“नाही,” मी म्हणालो. “रंग तू बघायचा.”

पुढं माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, यात काही विशेष नाही, या वयात होतोच. पण ते नंतर. त्या सोमवारी आम्ही दोघं केबिनमधून निघून रंगाच्या खोलीत गेलो. टाकीतून आकाशीची लडी नुकतीच बाहेर काढली होती. सिद्राम ती सवयीनं माझ्याकडं घेऊन आला. मी मान हलवून अंबादासकडं बोट केलं.

अंबादासनं लडी घेतली. ती कशी धरावी ते त्याला कळेना. तिथं सहा माणसं उभी होती आणि सगळी श्वास रोखून बघत होती, पण आता त्याच्याकडं. तो लडी घेऊन दाराकडं वळला. दारात मी उभा होतो. त्यानं एकदा लडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. तोंड उघडलं, मिटलं.

“बोल की,” मी म्हणालो.

“मास्टर,” तो म्हणाला, “जरा बाजूला व्हा. माझा उजेड अडतोय.”

मी बाजूला झालो.